दाजींच्या गुंजा

आमच्या वाडीत कुणाचं डोकं जरा फिरल्यासारखं वाटलं, की अजूनही म्हणतात, "ह्येच्यो गुंजो वाढल्यो." नव्या सुना आणि मुंबईहून मे महिन्यात येणारी मुलं हे हसत म्हणतात. ते कुणावरून आलं हे त्यांना ठाऊक नसतं. ते दत्ताराम धुरींवरून आलं. सगळे त्यांना दाजी म्हणत. दाजींनी ते वाक्य अगदी गंभीरपणे, पोलिसांसमोर उच्चारलं होतं, आणि त्यावर जमलेली सगळी माणसं हसली होती. मीही हसलो होतो. दाजी खरं बोलत आहेत हे त्या गर्दीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो मी होतो.

दाजी जाऊन तीन वर्षं होत आली. माझं वय शहात्तर आहे. आता लिहून टाकलेलं बरं.

कट्टा गावापासून आत तीन मैलांवर आमची वाडी. दाजींचं घर वरच्या अंगाला, माझं खाली, मधे एक घाटी, म्हणजे उताराची पाऊलवाट. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून दाजी मला नावाने हाक न मारता 'कंट्रोलर' म्हणत. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. अंगाने किडकिडीत, कान मोठे, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायची सवय. "तोंड काय, खंयचाय करता येता," म्हणायचे. "हात थरथरता काय ता बघूचा."

त्यांच्याकडे एक रायफल होती. आमच्याकडे शेतीच्या राखणीसाठी बऱ्याच घरांत परवान्याची बंदूक असते, ठासणीची नाही तर केपाची, माकडं आणि डुकरं हाकलायला. दाजींच्या परवान्यावरही 'शेतीसंरक्षण' हेच लिहिलेलं होतं. पण बंदूक होती दोन नळ्यांची, पाचशे बोअरची, हत्तीसाठी बनवलेली. दाजींचे आजोबा कुठल्याशा संस्थानाच्या शिकारखात्यात होते आणि तिथल्या साहेबाने जाताना ती त्यांना बक्षीस दिली होती. माडावरच्या माकडावर ती झाडली असती तर माकड गेलं असतं आणि माडही गेला असता. दाजी तिला 'आजोबा' म्हणत.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. दाजी रायफल गोधडीत गुंडाळून एसटीने न्यायचे. कट्ट्याच्या स्टँडवर मी ड्यूटीला असताना एकदा नव्या कंडक्टरने गोधडीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या काय?"

"आजोबा," दाजी म्हणाले. "ठाण्यात सोडूक चललंय."

कंडक्टरने गोधडीकडे बघितलं, दाजींच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, आणि खिडकीची जागा रिकामी करून दिली.

रायफल ठाण्यात असेपर्यंत दाजी दर आठ दिवसांनी तिला भेटायला जायचे. सोबत भिरंडेलाचा गोळा, म्हणजे आपलं कोकमाचं तेल, जे आपण भेगा पडलेल्या टाचांना लावतो. नळ्यांना गंज चढू नये म्हणून ते चोळायचं. हवालदार म्हणायचा, "दाजी, शस्त्र जमा आहे. तुम्हाला हात लावता येणार नाही."

"मी खंय लावतंय? तुमी लावा. मी सांगतंय कसा ता."

आणि दाजी बाकावर बसून सांगत, हवालदार चोळत असे. एका वर्षी पाठोपाठ तीन निवडणुका आल्या. आजोबा आठ महिने ठाण्यात राहिले. त्या वर्षी हवालदाराच्या हातांच्या भेगा कायमच्या गेल्या, असं तो स्वतः सांगायचा.

पण दाजींचं खरं वेड रायफलीचं नव्हतं, काडतुसाचं होतं. त्या बोअरची काडतुसं दुकानात मिळायची बंद होऊन जमाना झाला होता. आजोबांनी मागे ठेवलेल्या पितळी पुंगळ्या होत्या, मधल्या बोटाएवढ्या लांब. त्याच पुन्हा पुन्हा भरायच्या. वर्षानुवर्षं भरून एकेकीचं तोंड फाटत गेलं, आणि मी निवृत्त होऊन वाडीत आलो तेव्हा धड अशी एकच पुंगळी उरली होती. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की दाजी ती भरायचे. याला ते 'भरण' म्हणायचे. पुढच्या दसऱ्याला ते काडतूस काळजीपूर्वक उघडायचे, दारू काढून टाकायचे, पुंगळी चिंचेने घासायचे आणि नव्याने भरायचे. मधल्या काळात ते झाडलेलं नसायचं, कारण झाडायला परवानगी नसायची.

"इतकी वर्सां ह्यो माणूस एकच काडतूस भरता नि उपसता," वयनी म्हणायच्या. वयनी म्हणजे दाजींची बायको, आणि बाव म्हणजे विहीर. "आमची बाव पण येवढी उपसूक लागणा नाय."

"बावीक नेम धरूचो नसता गो," दाजी शांतपणे म्हणायचे.

गोळीचं शिसं ते तोंडवलीहून आणायचे. तिथल्या मच्छीमारांच्या जुन्या जाळ्यांना शिशाचे मणी असतात, ते. बदल्यात फणस द्यायचे. मणी दगडावर आपटून आवाज ऐकायचे आणि निम्मे परत करायचे. जाळ्याची मालकीण एकदा वैतागून म्हणाली, "दाजीनू, ह्याच शिसां घेवन आमी चाळीस वर्सां मासो मारतोव. माशान कधी तक्रार करूक नाय."

"मासो मेल्यार तक्रार खंय करतलो? माजी गोळी चारशे पावलां जावची आसा. वाटेत तिका हलक्या शिशाचो कंटाळो येयत."

चारशे पावलं हा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या खळ्यापासून, म्हणजे अंगणापासून, समोरच्या उतारावरच्या त्यांच्या मळ्यापर्यंत मधे व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. ते अंतर मी त्यांच्यासाठी तीनदा चाललो होतो. गुडघे गेल्यापासून दाजी व्हाळ उतरू शकत नव्हते, तेव्हा जे काही करायचं ते खळ्यातून. आणि ते जमायचं. फार वर्षांपूर्वी, पुंगळ्या बऱ्यापैकी शिल्लक असताना, एका दसऱ्याला त्यांनी पलीकडच्या बांधावर नारळ ठेवायला लावला आणि सगळ्या वाडीदेखत तो फोडला. पुढच्या वर्षी पुन्हा. दोन्ही वेळा वाडी टाळ्या वाजवत होती, आणि दाजी आपल्या हातांकडे बघत होते.

आता गुंजांचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे.

दारू मापाने घ्यायची नाही, तोलाने घ्यायची, हा आजोबांचा नियम. त्यासाठी सोनाराचा छोटा काटा होता, आणि वजनं म्हणून गुंजा. गुंजेची वेल आमच्याकडे कुंपणाकुंपणाला असते. लाल बी, वर काळा ठिपका. सोनार पूर्वी त्यावर सोनं तोलत. आजोबांनी पितळेच्या एका डबीत गुंजा घालून दिल्या होत्या. सगळी डबी एका पारड्यात ओतायची आणि दुसऱ्या पारड्यात काटा सरळ होईतो दारू टाकायची. एक डबी म्हणजे एक भरण. गुंजा किती, हे दाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी मोजल्याच नव्हत्या.

"मोजून ठेवा की," मी एकदा म्हणालो. "एखादी हरवली तर?"

दाजींनी माझ्या हाताकडे बघितलं. "आजोबांनी मोजून दिल्यानी. मी परत मोजूचो म्हणजे तेंका खोटो ठरवूचो. तू तुज्या बापाशीन दिलेली जमीन मोजतंस?"

"मोजलंय तर. दोनदा."

"म्हणान तू कंट्रोलर झालंस," ते म्हणाले.

भरणाच्या दिवशी घरात फोडणी बंद. मिरची तडतडली आणि कुणी शिंकलं तर काटा हलेल. सगळ्यांनी पेज खायची. रेडिओ बंद, पंखा बंद, कोंबड्या परसात कोंडलेल्या. आधी डबी देवळात नेऊन देवीसमोर ठेवायची, घरी आणायची, मग दाजी ती कानाशी धरून हळूच हलवायचे, डोळे मिटून ऐकायचे, "आसत सगळ्यो" म्हणायचे, आणि तोलायला बसायचे. गोळीला मेण आणि भिरंडेल लावून ती पुंगळीत बसवली की वयनी आतून ओरडायच्या, "झाला काय? आता तरी कांदो परतूक गावात?" आमच्याकडे गावणं म्हणजे मिळणं.

एवढं सगळं कुणासाठी, तर एका डुकरासाठी. त्याचा उजवा कान फाटका होता. शेतात आला की तो आधी बांधावर उभा राहून चारी बाजूंना बघायचा, मग आत शिरायचा. म्हणून दाजींनी त्याचं नाव 'मामलेदार' ठेवलं होतं. दाजींचं वायंगणी भात, म्हणजे पाटाच्या पाण्यावर होणारं उन्हाळी पीक, आणि बांधावरची कणगी, म्हणजे कंद, त्याने सहा वर्षं ओळीने उकरली होती. तो संध्याकाळी सहा-दहाला यायचा. मी हे खात्रीने सांगतो, कारण मी रोज खळ्यात बसून घड्याळ लावून बघत असे. आमच्या डेपोची एकही गाडी इतकी वेळेवर नव्हती.

डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. दाजी दर वर्षी अर्ज करायचे. मी एकदा सोबत गेलो होतो. तिथला कारकून म्हणाला, "अर्जात 'माझा डुक्कर' लिहिलंय. तुमचा कशावरून?"

"माजा भात खाता म्हणान माजो."

"तसं चालत नाही. ओळख पटेल असं काही?"

"उजवो कान फाटको आसा."

"मग तसं लिहा ना. आणि कानाचा फोटो जोडा."

दाजींनी फोटोसाठी आठ महिने घेतले. मुंबईहून आलेल्या मुलाने, प्रकाशने, मोबाइलवर कसाबसा काढला. कान नीट आला, डुक्कर पुसट आलं. कारकून म्हणाला, कान पुरेसा आहे.

त्या माघात परवानगी आली. एक डुक्कर, तीन दिवस, स्वतःच्या जमिनीतून, वनरक्षकाच्या उपस्थितीत. दाजींनी पत्र कपाळाला लावलं. एक पुंगळी, एक डुक्कर, एक पत्र. दसऱ्याचं भरण जुनं झालं होतं, म्हणून त्यांनी नव्याने भरायचं ठरवलं, आणि गुडघे दुखत होते म्हणून डबी देवळात न्यायला माझ्याकडे दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती डबी दुसऱ्याच्या हातात गेली.

"उघडू नको," एवढंच म्हणाले.

देवळात डबी ठेवली, नमस्कार केला, निघालो. परत येताना वाटेत, रस्त्याला लागून असलेल्या कुंपणाशी, थांबलो. छत्तीस वर्षं मी माणसं, गाड्या आणि मिनिटं मोजली होती. माझ्या हातात एक डबी होती आणि तिच्यात किती आहेत हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. मला ते सहन झालं नाही. दाजींना सांगणार नव्हतो. फक्त मला कळलं असतं तर पुरे होतं.

मी झाकण काढलं, गुंजा डाव्या तळहातावर ओतल्या आणि उजव्या हाताने एकेक उचलून डबीत टाकायला लागलो. सदतीसपर्यंत आलो. तळहातावर अजून बऱ्याच होत्या. तेवढ्यात रस्त्यावरून मसुऱ्याच्या गाडीने हॉर्न दिला. माझं घड्याळ डाव्या मनगटावर असतं. गाडीचा हॉर्न ऐकला की मी घड्याळ बघतो. निवृत्त होऊनही ती सवय गेलेली नाही. मी मनगट फिरवलं.

गाडी चार मिनिटं उशिरा होती.

तळहातावरच्या सगळ्या गुंजा खाली पडल्या. हे एवढंच असतं तर मी गुडघ्यावर बसून वेचल्या असत्या. पण त्या कुंपणावर गुंजेचीच वेल होती, माघाचा महिना होता, शेंगा फुटल्या होत्या, आणि खाली पाचोळ्यात वेलीच्या स्वतःच्या शेकडो गुंजा पडलेल्या होत्या. सगळ्या लाल, सगळ्यांवर काळा ठिपका.

मी अर्धा तास तिथे बसलो. आजोबांच्या गुंजा जुन्या, म्हणजे फिकट असतील, असं मनाशी धरून फिकट वेचायला लागलो. पण वेलीखालीही गेल्या वर्षीच्या फिकट गुंजा होत्या. शेवटी आठवणीत डबी जेवढी भरलेली होती तेवढी भरली. मग विचार आला, कमी पडल्या तर दारू कमी पडेल, गोळी आखूड जाईल, डुक्कर नुसतंच जखमी होईल आणि कुणाच्या तरी अंगावर जाईल. म्हणून वर चिमूटभर आणखी टाकल्या.

दाजींनी डबी कानाशी धरून हलवली. डोळे मिटले. पुन्हा हलवली. डोळे उघडून माझ्याकडे, म्हणजे माझ्या हातांकडे, बघितलं. मी हात मागे घेतले.

"कंट्रोलरा, देवीन काय घातल्यान काय रे हेच्यात?"

"काय नाय. थंडी आसा. तसा वाजता."

त्यांनी आणखी एकदा ऐकलं. मग "तू म्हणतंस तर आसात" म्हणून ते तोलायला बसले. मी पेज प्यायलो आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खळ्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. वनरक्षक दाजींच्या मागे पंचनाम्याचे कागद मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता. दाजी पुढे, त्यांच्या जुन्या आरामखुर्चीत, दोन उशांवर रायफल टेकवून. गावच्या घाडीने, म्हणजे देवीच्या मानकऱ्याने, गाऱ्हाणं घातलं.

"बा देवी म्हाराजा, ह्यो तुजो लेकरू आज नेम धरता..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तेची गोळी सरळ जाव दे..."

"व्हय म्हाराजा!"

"वनखात्याचे साहेब इलेत, तेंकाय सुखरूप घराक पोचव..."

वनरक्षक कणकवलीकडचा होता. तोही मनापासून "व्हय म्हाराजा" म्हणाला.

सहा-दहाला मामलेदार बांधावर आला. चारी बाजूंना बघितलं. वनरक्षकाने परवानगीच्या पत्रावरचा फोटो आणि समोरचा कान ताडून पाहिला आणि मान हलवली. दाजींनी चाप ओढला.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धूर झाला. धूर विरला तेव्हा दाजी खुर्चीसकट उलटून वनरक्षकाच्या मांडीवर बसलेले होते आणि पंचनाम्याचे कागद तुळशीवर होते. पलीकडे मामलेदार होता तिथेच उभा होता. त्याने वर बघितलं. मग आम्हीही वर बघितलं. मळ्याच्या बरंच वर, टेकडीवर, ग्रामपंचायतीने नळयोजनेची काळी टाकी बसवली होती. दुसऱ्या दिवशी तिचं उद्घाटन होतं. तिला झेंडूची माळ घातलेली होती. त्या माळेच्या बरोबर मध्यातून पाण्याची धार बाहेर पडत होती.

कुणी काही बोलायच्या आत धार उतारावरून खाली आली आणि बांधाशी चिखल झाला. मामलेदाराने तो हुंगला, आणि सगळ्यांच्या देखत त्यात आडवा पडून लोळायला लागला.

"एका गोळयेत उद्घाटन केल्यान, दाजीन," कुणीतरी म्हणालं, आणि मग हसणं थांबेना.

दाजी हसत नव्हते. खांदा काळानिळा पडला होता. ते नुसते म्हणत होते, "भरण जादा झाला. खांद्याक कळता माज्या. भरण जादा झाला."

पोलीस आले. त्यांनी विचारलं, काडतूस कुणी भरलं? "मी." तोललं होतं? "तोलला." मग जास्त कसं झालं? दाजींनी बराच वेळ विचार केला. त्यांचा आजोबांवर विश्वास होता, काट्यावर होता, स्वतःच्या हातावर होता, आणि माझ्यावर होता. या चौघांना वगळून जे उरतं तेच ते बोलले.

"गुंजो वाढल्यो."

पोलिसांसकट सगळे हसले. "दाजीनू, गुंजांका पिल्लां झाली?" पंच म्हणून पहिली सही माझी होती. मी हसत हसत सही केली.

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. पण टाकीची भरपाई, परवाना, आणि पन्नास माणसांसमोर 'मी डबी उघडली' म्हणणं. मी मनाशी म्हटलं, चार दिवसांनी हसणं थांबेल, मग सांगतो.

हसणं थांबलं नाही. दाजी प्रत्येकाला तेच सांगत राहिले, कारण त्यांना ते खरंच दिसत होतं. प्रकाश मुंबईहून आला. "बाबा, बी वाढत नाही. डबीत ठेवलेली बी कशी वाढेल?" दाजी म्हणाले, "ता माका ठावक नाय. पण वाढल्यो." प्रकाशने त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. शेजारी म्हणून मी सोबत गेलो. डॉक्टरने त्यांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. दाजींनी सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे गुंजांचं कधीपासून?"

"टाकीपासून," मी म्हणालो.

त्याने गोळ्या लिहून दिल्या. कागदावर 'वयोमानानुसार भ्रम' असं लिहिलं, आणि त्या कागदावर दाजींचा परवाना रद्द झाला. आजोबा ठाण्यात गेले ते कायमचे.

पुढची दोन वर्षं मी दाजींना हळूहळू लहान होताना पाहिलं. वाडीतली माणसं पूर्वी त्यांच्याकडे यायची, गुराचं औषध तोलून न्यायला, आंब्याला खत किती घालायचं ते विचारायला. आता कुणी येईना. आणि आलंच, तर दाजी म्हणायचे, "तुमीच बगा. माजा काय खरा नाय." प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागले. "आज सोमवार मां?" "ह्यो माजोच चष्मो मां?" ज्या माणसाने आजोबांवर शंका नको म्हणून आयुष्यभर गुंजा मोजल्या नाहीत, तो सदऱ्याची बटणं मोजून लावायचा. वयनी एकदा चुलीकडून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "भावोजी, आदी तेंच्या भरणापायी माका कांदो परतूक गावनासो. आता रोज परततंय. तो माणूसच गावणा नाय."

त्या दिवशी मी ठरवलं. दुसऱ्या सकाळी वयनी कट्ट्याला बाजाराला गेल्या होत्या. दाजी खळ्यात बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. डबी, तळहात, सदतीस, हॉर्न, मनगट, वेल, वर टाकलेली चिमूट. आणि थंडीचं खोटं बोललो, तेही. सांगताना माझे हात थरथरत होते. दाजी हातांकडे बघत सगळं ऐकून घेत होते. मला वाटलं, आता ते रागावतील. मी त्याचीच वाट बघत होतो. तेवढंच हवं होतं मला.

मग हात पुढे करून त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"कधीपासून वाटता तुका असा?"

"वाटता काय दाजीनू? मी केलंय! गुंजो वाढूक नाय, मी घातलंय तेच्यात!"

"व्हय, व्हय. ओरडा नको." ते माझ्याजवळ सरकून बसले. "माका पण पयला असाच वाटी रे. कोणीतरी घातल्यान, कोणीतरी घातल्यान. मगे तर माका खात्रीच झाली. पण डॉक्टरान समजावन सांगितल्यान. कोण घालतलो? कशाक घालतलो? तूच सांग, शाणो माणूस असा काय करता?"

मी हॉर्नचं आणि घड्याळाचं परत सांगितलं.

"गाडयेचो हॉर्न इलो म्हणान घड्याळ बघितलंय," ते हसून म्हणाले, मायेने. "कंट्रोलरा, कंट्रोलरा." त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी नखाने अर्धी केली, आणि अर्धी माझ्या तळहातावर ठेवली. "घे. कडू नाय. सुरवातीक झोप येता, मगे बरा वाटता."

मी घेतली नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. ते मान हलवत राहिले, लहान मुलाचं ऐकतात तसं. मी जेवढं तपशिलाने सांगत होतो, तेवढी त्यांची काळजी वाढत होती. शेवटी मी उठलो.

दाजीही उठले. गुडघे दुखत असताना उठले, आणि माझं कोपर धरून मला पायऱ्यांपर्यंत घेऊन आले. "हळू. ही पायरी मोठी आसा. आता दुसरी." सहा पायऱ्या ते माझ्यासोबत उतरले. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. घाटीच्या तोंडाशी ते थांबले. "एकलो जाशीत मां? नाय तर मी येतंय."

"जातंय," मी म्हणालो.

मी चालायला लागलो. मागून त्यांचा आवाज येत होता, धोंडा आसा, बघून, पाय उचल. घाटी जिथे दोन वाटांना फुटते तिथे मी वळून पाहिलं. दाजी खालच्या पायरीवर भिंतीला हात टेकून उभे होते, डोळ्यांवर दुसऱ्या हाताची सावली धरून. त्या वाटेवर मी लहानपणापासून चाललो आहे.

"डावीकडे!" ते ओरडले. "कंट्रोलरा, डावीकडे वळ! तुजा घर डावीकडे!"

मी हात वर केला आणि डावीकडे वळलो.